सगळे मलाच डिपर मारायचे

चेन्नईत गाडी चालवायला लागल्यावर पहिल्या वर्षभरात माझं एक मत पक्कं झालं होतं. ईस्ट कोस्ट रोडवर अंधार पडला की समोरून येणारे सगळे लोक उद्धट होतात. एखाददुसरा नव्हे, सगळे. बसवाले, टेम्पोवाले, मोठ्या पांढऱ्या गाड्यांतले साहेब, एका मोटरसायकलवर बसलेली तीन-तीन पोरं. माझी गाडी दिसली की प्रत्येक जण हेडलाइटची दोनदा-तीनदा उघडझाप करायचा, म्हणजे ज्याला आपण डिपर मारणं म्हणतो ते. मी दाद दिली नाही की मग तो दिवा वर करून थेट माझ्या डोळ्यांत सोडायचा. पुढचे काही क्षण मला रस्ता दिसत नसे, मी तो आठवत असे. इथून पुढे डावीकडे वळण आहे, इथं मघाशी एक म्हैस बसली होती, असं.

गाडी मी आठवड्यातून एकदाच काढायची. माझं ऑफिस पेरुंगुडीतच, घरापासून चालत बारा मिनिटांवर. नवरा एका गाड्यांच्या कारखान्यात आहे, तो पहाटे कारखान्याच्या बसनं जातो. त्यामुळे गाडी आठवडाभर खाली धूळ खात उभी असायची आणि शनिवारी दुपारी चारला निघायची, कोवलमला. माझ्या शेजारच्या सीटवर आमचे घरमालक असायचे.

घरमालक तंजावरकडच्या मराठी घरातले. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. आम्ही घर बघायला आलो तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी नवऱ्याला मराठीत म्हणाले होते, की स्वयंपाकघर जरा कोंदट आहे, पण म्हातारा भला दिसतो. त्यावर म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं, "खिडकी उघडली म्हणजे कोंदट राहत नाहीं." मला जिन्यावरून तसंच खाली पळून जावंसं वाटलं होतं. पण त्यांनी नंतर कधी तो विषय काढला नाही. उलट भाडेकरू मराठी मिळाले म्हणून त्यांच्या बायकोनं आम्हाला कॉफी करून दिली.

इथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा आणि मामी म्हणायला लागलो. मामांची मराठी जुन्या दस्तऐवजातल्यासारखी, तमिळ हेलाची, आणि सावकाश. माझी त्यांना घाईची वाटायची. तुमची मराठी पळते, आमची चालते, असं ते म्हणत. त्यांची मुलं अमेरिकेत, नातवंडं इंग्रजीत. त्यामुळे शनिवारचे ते दोन-अडीच तास ते माझ्याशी भरभरून बोलत, आणि मी निम्मं समजल्यासारखं करून मान हलवत असे.

कोवलमला मामांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, एकटी, दोन खोल्यांचं घर, मागे विहीर. त्या विहिरीचं पाणी समुद्र इतका जवळ असूनही गोड होतं, आणि मामींचं म्हणणं असं, की कॉफी त्याच पाण्याची चांगली होते. पेरुंगुडीच्या पाण्याची कॉफी त्या पाहुण्यांना द्यायच्या. म्हणून दर शनिवारी वीस-वीस लिटरचे चार रिकामे कॅन गाडीतून जायचे आणि भरून परत यायचे.

माझं कोवलमचं कारण वेगळं होतं. माहेर वेंगुर्ल्याचं असल्यामुळे मला ताजी मासळी लागते, आणि कोवलमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी होड्यांजवळ ती मिळायची. मी जाते हे कळल्यावर ऑफिसातल्या आणखी चार मराठी घरांच्या याद्या येऊ लागल्या. सुरमईला इथं वंजरम म्हणतात, कोळंबीला इरा, एवढं तमिळ मला महिन्याभरात आलं. सगळं मिळून थर्माकोलचं एक मोठं खोकं बर्फासकट भरायचं. मामांच्या घरी कांदासुद्धा काही दिवशी चालत नसे. पण मागे डिकीत त्यांच्या विहिरीच्या पाण्याला टेकून माझी सुरमई झोपलेली असताना ते एका शब्दानं काही बोलत नसत. तिला ते "तुमचें सामान" म्हणत. टोलनाक्याजवळ आलो की हवा छान आहे म्हणून काच थोडी खाली करत, एवढंच.

तर जाताना उजेड असायचा. परतताना, साडेसातच्या सुमाराला, हा डिपरचा छळ सुरू व्हायचा.

सुरुवातीला मी नवऱ्याकडे तक्रार केली. त्याचं खातं सीटच्या शिलाईचं. गाडीत काहीही बिघडलं की तो आधी सीटवर हात फिरवून बघतो. त्यानं मनापासून विचार केला आणि ऑनलाइन पिवळ्या काचांचा एक चष्मा मागवला. रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे टोचू नयेत म्हणून हा घालायचा, असं खोक्यावर लिहिलं होतं. मी तो घातला. दिवे जरा सौम्य झाले खरे, पण बाकीचं सगळंही सौम्य झालं. रस्त्याकडेनं चालणारी माणसं, खड्डे, दुभाजकाची सुरुवात, सगळं हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं. त्यातून मामा त्या दिवशी नेहमीपेक्षा दाराला चिकटून बसलेले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, की डॉक्टरला दाखवलं का. इथं डोळे येण्याला मद्रास आय म्हणतात, आणि मला तेच झालंय असं समजून ते बिचारे तासभर श्वास बेतानं घेत होते. चष्मा मी दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये टाकला.

डॉक्टरकडे मात्र गेले. डोळ्यांच्या बाईंनी तपासून सांगितलं, की लांबचा थोडा नंबर आहे, आणि त्यात सिलिंडरही आहे, म्हणून दिव्याभोवती रेघा फुटलेल्या दिसतात. चष्मा दिला. मग खुर्ची माझ्याकडे वळवून बाईंनी विचारलं, की गाडीची पुढची काच आतून शेवटची कधी पुसली होती. मी म्हटलं, बाहेरून दर आठवड्याला पुसते. त्या म्हणाल्या, मी आतून विचारलं. आतून ती गाडी घेतल्यापासून कुणी पुसली नव्हती. वर त्यांनी असंही सांगितलं, की समोरून झगझगीत दिवा आला की त्याच्याकडे बघायचंच नाही. वेग कमी करायचा आणि रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून जायचं, दिवा जाईपर्यंत.

घरी येऊन मी जुन्या वर्तमानपत्रानं काच आतून पुसली. कागद काळा निघाला. दुसरा घेतला, तोही काळा निघाला. त्या शनिवारी नवा चष्मा, स्वच्छ काच आणि डावी रेघ असं सगळं घेऊन मी कोवलमहून निघाले, आणि खरंच, मला पुष्कळ बरं दिसत होतं. समोरून मला डिपर मारणाऱ्यांचे चेहरेसुद्धा दिसत होते.

म्हणजे डिपर काही थांबले नव्हते. आता मी आंधळी होत नव्हते, फक्त अपमान होत होता. मग मीही उत्तर द्यायला सुरुवात केली. समोरच्यानं एकदा उघडझाप केली की मी दोनदा करायची. तो वर दिवा करी, मी वर दिवा करी. मामा हँडल धरून बसत. एकदा त्यांनी हळूच विचारलं, की हे सगळे लोक तुमच्या ओळखीचे आहेत का. मी म्हटलं, नाही, का? ते म्हणाले, मग इतकं काय बोलता त्यांच्याशी.

त्यानंतरच्या एका शनिवारी मासळीच्या टेम्पोचं प्रकरण झालं. कोवलम गावातून मुख्य रस्त्याकडे यायची वाट अरुंद आहे. समोरून एक छोटा टेम्पो आला, आणि त्यानं एकदा नाही, दोनदा नाही, पाच वेळा डिपर मारला. वर खिडकीतून हात काढून काहीतरी खुणाही केल्या. मी माझे दिवे वर केले ते वरच ठेवले. टेम्पो माझ्या शेजारून गेला आणि मागे चहाच्या टपरीजवळ थांबला, हे मला आरशात दिसलं. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मी पुढं जागा बघून गाडी वळवली आणि टपरीपाशी आणून उभी केली. मामा म्हणाले, चहा पिऊं या का. मी म्हटलं, चहा नाही, याच्याशी बोलायचंय, आणि माझं तमिळ वंजरमपुढे जात नाही, तेव्हा तुम्ही सांगायचं.

टेम्पोवाला चाळिशीचा, धिप्पाड, खांद्यावर टॉवेल. मी त्याच्यासमोर उभी राहून मराठीत सुरुवात केली. लायसन्स कुणी दिलं, समोर बाई गाडी चालवतेय दिसलं की तुम्हाला चेव येतो का, हेडलाइट हा काय खेळ आहे, एखादा आंधळा होऊन खाली गेला तर जबाबदार कोण, असं बरंच. मामा लक्ष देऊन ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी ते तमिळमध्ये सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. त्यांचा आवाजही, मला वाटलं, जरा जास्तच मऊ होता. टेम्पोवाल्यानं माझ्याकडे बघितलं, त्याचा चेहरा एकदम निवळला, त्यानं दोन्ही हात जोडले, टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले, आणि मग माझ्या गाडीकडे बोट दाखवून एक वाक्य बोलला.

"काय म्हणतोय?"

मामांनी क्षणभर शब्द जुळवले. "म्हणतो, आपला दिवा आकाशास लागतो."

मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. किंवा ही तमिळमधली बोलायची काहीतरी पद्धत असेल, आपण कुणाला "तुमचं काय बाबा, मोठ्या लोकांचं" म्हणतो तशी. मी तोंड घट्ट मिटून चहा प्यायले. चहा चांगला होता. टेम्पोवाला जाताना पुन्हा हात जोडून गेला, आणि मी घरापर्यंत मनात म्हणत राहिले, की बघा, बोललं की माणसं सुधारतात. त्या रात्री टोलनाक्यापर्यंत मला आणखी नऊ जणांनी डिपर मारले.

खरा उलगडा अक्कांनी केला, आणि तोही दुसऱ्याच कशावरून तरी.

अक्कांचं घर एका आखूड गल्लीच्या तोंडाशी होतं. त्यांच्या अंगणात मी गाडी लावली की तिचं तोंड समोरच्या घराकडे यायचं. त्या घरात एक निवृत्त शाळामास्तर राहायचे. त्यांची आणि अक्कांची सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा भिंतीवरून भांडणवजा चर्चा व्हायची. त्या शनिवारी डिकीत कॅन भरून झाले, माझं खोकं आत गेलं, मी चावी फिरवून दिवे लावले आणि अक्कांचा निरोप घ्यायला खाली उतरले. तेवढ्यात समोरच्या खिडकीचं दार धाडकन बंद झालं.

अक्का ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. त्या मामांना तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. माझ्यासाठी त्यांनी ते मराठीतही सांगितलं, मामांपेक्षाही जुन्या मराठीत. अर्थ असा, की मास्तर दर शनिवारी साडेसातला त्या खिडकीशी जेवायला बसतात आणि दर शनिवारी साडेसातला माझा दिवा त्यांच्या ताटात पडतो. मास्तर गेले कित्येक आठवडे अक्कांकडे तक्रार करत होते. अक्कांनी ती माझ्यापर्यंत पोचवली नाही, कारण मास्तरांना त्रास झाला तर त्यांची हरकत नव्हती.

मी म्हटलं, "अक्का, पण मी दिवा खालीच ठेवलाय. वरचा लावलेला नाही."

"येतांना खिडकीखालीं असतो," अक्का म्हणाल्या. "जातांना खिडकींत असतो. मी रोज बसून दुसरें काय पाहतें?"

दुपारी अंधार नसतो, येताना दिवे कुठले, असं मी म्हणणार होते. मग आठवलं, की मागच्या दोन शनिवारी पावसाळी ढगांमुळे मी येतानाही दिवे लावले होते. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. समोरच्या भिंतीवर माझ्या हेडलाइटची सरळ कड उमटली होती. वर काळोख, खाली उजेड. आणि ती कड खिडकीच्या बरोबर मध्यातून जात होती. मी गाडीच्या बाजूला आले. गाडी मागं बसली होती. पाण्याचे चार कॅन, बर्फाचं खोकं. गाडीचं मागचं अंग जड होऊन खाली गेलेलं आणि नाक वर आलेलं.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. वर्षभरातले सगळे बसवाले, टेम्पोवाले, मोटरसायकलवरची पोरं एकेक करून डोळ्यांपुढून जायला लागली. ते मला शिव्या देत नव्हते. ते मला सांगत होते.

मामांना मी हे समजावलं. ते बँकेतले, पुराव्याशिवाय काही न मानणारे. म्हणाले, कॅन काढून पाहूं. मग आम्ही डिकी उघडली. एक कॅन उतरवला. भिंतीवरची कड दोन बोटं खाली आली. दुसरा उतरवला, आणखी दोन. एव्हाना खिडकी उघडली होती आणि मास्तर हातात इडलीची ताटली घेऊन आमच्याकडे बघत होते. काय चाललंय ते कळल्यावर ते लुंगी सावरत बाहेर आले, आत जाऊन खडू घेऊन आले, आणि स्वतःच्याच घराच्या भिंतीवर कड जिथं येईल तिथं रेघ मारायला लागले. तिसरा कॅन, रेघ. चौथा कॅन, रेघ. शेवटी माझं खोकं निघालं तेव्हा मास्तरांनी वाकून आत काय आहे ते हुंगलं आणि मामांकडे एक नजर टाकली. मामा आकाश बघत होते. खोकं खाली ठेवल्यावर कड खिडकीच्या चौकटीखाली गेली. तीन रेघा झाल्या होत्या. मास्तरांनी त्यांना एक ते तीन आकडे घातले, शाळेतल्यासारखे.

मी नवऱ्याला फोन लावला. त्याला पहिल्यांदा वाटलं सीटचं काही आहे. मग त्यानं गाडीचं पुस्तक शोधलं. ते कपाटात, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. पुस्तक वाचून तो म्हणाला, की स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली एक छोटं चाक असेल, शून्य, एक, दोन, तीन असे आकडे असलेलं. चाक होतं. इतके दिवस मी ते एसीचं काहीतरी समजत होते आणि उन्हाळ्यात ते फिरवूनही पाहिलं होतं. थंड होत नाही म्हणून पुन्हा शून्यावर आणून ठेवलं होतं. मागे ओझं असलं की हे चाक फिरवून दिवे खाली करायचे, असं पुस्तकात चित्रासकट दिलं होतं.

सगळं सामान पुन्हा डिकीत गेलं. मी चाक तीनवर नेलं आणि भिंतीवरची कड हळूहळू उतरत खिडकीखाली गेली. मास्तरांनी ताटली ओट्यावर ठेवून टाळी वाजवली. अक्कांना ते आवडलं नाही. त्यांनी मास्तरांना भिंत पुसून घ्यायला सांगितली.

त्या रात्री कोवलम ते पेरुंगुडी मला एकानंही डिपर मारला नाही. बस आली, गेली. टेम्पो आले, गेले. मी डाव्या रेघेवर नजर ठेवून तयारीत बसले होते, पण कुणाला माझ्याशी काही बोलायचंच नव्हतं. थोडं चुकल्यासारखं झालं. मामा टोलनाक्याच्या आधीच झोपले. माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच झोपले.

पुढचा आठवडा मात्र वाईट गेला. त्या टेम्पोवाल्याचे जोडलेले हात सारखे आठवायचे. शनिवारी मी मामांना म्हटलं, की मला त्याची माफी मागायची आहे. मामा सीटचा पट्टा उगाच सैल-घट्ट करत बसले. मग म्हणाले, जाऊं द्या अम्मा, तो विसरला असेल. मी ऐकलं नाही. टपरीवर विचारलं तर तो किनाऱ्यावरच होता, बर्फ फोडत. मला बघून त्यानं टॉवेल खांद्यावर नीट केला.

मी मामांना हळूहळू, त्यांची मराठी चालते त्या चालीनं, सगळं सांगितलं. चूक माझी होती, दिवा माझा वर होता, तुम्ही बरोबर सांगत होतात, आणि मी तुम्हाला नको ते बोलले, त्याबद्दल मनापासून माफी मागते. मामांनी ते तमिळमध्ये सांगितलं. या वेळी बराच वेळ लागला. टेम्पोवाला ऐकता ऐकता गोंधळलेला दिसायला लागला. त्यानं मामांना काहीतरी विचारलं. मामांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

"मामा, तो काय विचारतोय?"

"तो विचारतो," मामा वाळूकडे बघत म्हणाले, "माफी तर मागल्या वेळींच मागितली होती. पुन्हा कशास?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या खेपेला मी लायसन्स कुणी दिलं वगैरे सुनावत होते तेव्हा मामांनी तमिळमध्ये सांगितलं होतं, की या अम्मा नव्यानं आल्या आहेत, यांचे डोळे नाजूक आहेत, रस्त्यात तुम्हाला त्रास झाला म्हणून मुद्दाम गाडी वळवून माफी मागायला आल्या आहेत. म्हणून हात जोडले गेले, म्हणून चहा आला. मी मामांना विचारलं, की असं का केलंत. ते म्हणाले, तुम्ही जें बोललां त्यास आमच्या तमिळमध्यें शब्द आहेत, पण ते मी कधीं वापरले नाहींत.

मला राग यायला हवा होता. हसूच आलं, आणि मी हसतेय बघून टेम्पोवालाही हसला, का ते न कळता. त्याला मी शेवटी माझ्या वंजरमछाप तमिळमध्ये स्वतःच सांगितलं, माझा दिवा, वर, माझी चूक. एवढं त्याला कळलं. त्यानं माझ्या गाडीपाशी येऊन ते चाक बघायला मागितलं. खाली बसून, डोळा दिव्याच्या पातळीला आणून, शून्यावर कसं दिसतं आणि तीनवर कसं दिसतं ते नीट पाहिलं. त्याच्या टेम्पोला तसलं चाक नव्हतं. तो म्हणाला, आणि हे मामांनी शब्दाला शब्द लावून सांगितलं, की मी ओझं मागं कमी आणि पुढं जास्त घालतो. एवढं साधं मलाही सुचायला हवं होतं. तेव्हापासून दोन कॅन डिकीत आणि दोन पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत जातात.

समोरून खरोखरच वरचा दिवा लावून येणारे लोक अजून भेटतात. तसे ते होतेच. सगळे माझ्यामुळे नव्हते, एवढं समाधान मी स्वतःला दिलं आहे. आता मी उत्तर देत नाही. वेग कमी करते, डावी रेघ धरते, फारच झालं तर कडेला थांबते. मामा तेवढ्यात मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतात. ते तमिळमध्ये असतं आणि त्यांनी कधी वापरले नाहीत त्या शब्दांपैकी असावं असा मला संशय आहे.

पण मामांना या सगळ्याचं वेडच लागलं. टोलनाक्याच्या अलीकडे गाड्या थांबतात त्या जागी आम्ही कधी पाणी प्यायला उतरलो, की ते हात मागे बांधून उभ्या गाड्यांची मागची चाकं बघत फिरतात. एखादी गाडी मागं बसलेली दिसली की काचेवर टकटक करून मालकाला बाहेर बोलावतात आणि व्याख्यान देतात. बहुतेक लोक वय बघून ऐकून घेतात. काही जण काच वर करतात.

परवा एका लग्नाच्या वऱ्हाडाची मोठी गाडी तिथं थांबली होती. आत नऊ माणसं, मागे पातेली आणि केळीचे घड. मामा गेले. मला लांबून दिसत होतं, नवरदेवाचा मामा असावा असा एक गृहस्थ ड्रायव्हरच्या सीटशेजारी वाकला, चाक सापडलं, आणि दोन-तीन बायका उतरून समोरच्या झाडावर उजेड खालीवर होताना बघायला लागल्या. मुलं टाळ्या वाजवत होती. ड्रायव्हर मामांना काहीतरी विचारत होता आणि मामा हातवारे करून सांगत होते. पाच मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागदात बांधलेले दोन लाडू होते. एक त्यांनी मला दिला, दुसरा मामींसाठी खिशात ठेवला, आणि पट्टा लावून म्हणाले, "सरि, ठीक, निघूं या."